एकाच मळ्याची शिराझ, दोन सालं, दोन चवी: समुद्राचं श्रेय किती?

मेहरूणकर (धागाकर्ता)

मंडळी, विषय वाईनचा आहे. ज्यांना वावडं आहे त्यांनी शेजारच्या शेवभाजीच्या धाग्यावर जावं, तिथे काळ्या मसाल्यावरून आधीच हातघाई चालू आहे.

भाचा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला नोकरीला आहे. जानेवारीत आला तो मॅकलारेन व्हेल भागातल्या शिराझच्या (त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाईन) दोन बाटल्या घेऊन. वाइनरी एक, मळा एक, भाव जवळजवळ सारखा. साल तेवढं वेगळं: एक २०१९ ची, एक २०२३ ची. शालक आणि साडू यांच्या साक्षीने दोन्ही एकाच रात्री उघडल्या. २०१९ ची काळी-जांभळी, दाट, अगदी पिकल्या फळाची, घशाखाली उतरताना गरम. २०२३ ची त्यामानाने सडपातळ, लालसर, आंबटसर. शालक म्हणाला, हिच्यात काळी मिरी आहे. साडू म्हणाला, आहे. मला कणभर लागली नाही.

दोन्ही बाटल्यांच्या पाठीवर मजकूर मात्र तोच: समुद्रावरून येणारा गार वारा, त्यामुळे घडांचं निवांत पिकणं वगैरे. आता समुद्र तोच, वारा तोच, तर चवीत एवढी तफावत का? माझं मत असं की समुद्र हा लेबलवाल्यांचा अलंकार आहे, खरा खेळ सालाचा. जाणकारांनी प्रकाश टाकावा. जाणकार नसलेल्यांनीही टाकावा, नाहीतरी इथे तेच जास्त टाकतात.

कळणाभाकर

बूड टेकवून बसलो आहे. शेंगदाणे कोण आणतंय?

तापीकाठचा

वाईनमधलं मला काही कळत नाही, रावेरला केळी करतो. पण "जागा तीच मग फरक का" हा प्रश्न शेतकरी विचारणार नाही. आमच्याकडे जमीन तीच, ठिबक तेच, रोपं एकाच लॅबची. तरी मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाची लागण) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) यांचे घड सारखे येत नाहीत, कारण थंडी झाडाला कुठल्या वयात गाठते ते वेगळं. त्या दोन सालांत तिकडे ऊन-पाऊस कसा होता ते आधी काढा, मग समुद्राला शिव्या द्या.

गिरणेची_लेक

माहेर चाळीसगाव, सध्या मुक्काम अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला. मॅकलारेन व्हेल घरापासून गाडीने जवळ, त्यामुळे तोंड उघडते.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला सेंट व्हिन्सेंटचं आखात, पूर्वेला माउंट लॉफ्टीची डोंगररांग, मधल्या उतारावर मळे. इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि आखातावरची गार हवा आत शिरते. अंधार पडल्यावर डोंगरातल्या घळींतून उलटा वारा खाली येतो, त्याला इथे "गली विंड" म्हणतात. पाऊस बहुतेक हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा.

याचा द्राक्षाला उपयोग काय? पारा ३५ च्या पुढे गेला की पानांचं काम मंदावतं, मण्याच्या सालीत रंग नीट भरत नाही आणि मॅलिक आम्ल भराभर कमी होतं. दुपारी तीनला वारा आला तर असे तास कमी होतात. समुद्र करतो ते एवढंच. चवीत काही घालत नाही, उन्हाचे तास कापतो.

आता साल. २४ जानेवारी २०१९ ला अ‍ॅडलेडमध्ये ४६.६ अंशांची नोंद झाली. हो भुसावळकरांनो, ४६.६. त्या हंगामात पाऊस कमी, पीक कमी, मणी लहान. लहान मण्यात रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त, आणि रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) तर सालीतच असतात. तुमची काळी-जांभळी बाटली ही. २०२२-२३ मात्र ला निनाचं (पॅसिफिकचं पाणी गार पडून इथे पाऊस वाढतो ते) सलग तिसरं वर्ष. वसंतात पाऊस, उन्हाळा थंड, तोडणी नेहमीपेक्षा काही आठवडे उशिरा. साखर सावकाश चढली, आम्ल टिकलं. म्हणजे तुमची जीभ बरोबर बोलली, आता नाकाचं बघू.

पोपटराव_धुळे

४६.६ म्हणजे आपला मे महिना. चला, भुसावळला वाइनरी काढू. भांडवल: उन्हाची काहिली, मुबलक.

भटक्या_७१

नाशिकला एका टूरवर ऐकलं होतं की समुद्राजवळ दिवसा कडक ऊन आणि रात्री थंडी असा मोठा फरक पडतो, त्यानेच वाईनला चव येते. ताई म्हणतात ते वेगळं वाटतंय.

शंकासुर

@भटक्या, टूरवाल्याने डोंगरपठाराचा गुण समुद्राच्या खात्यावर जमा केला. समुद्र फरक वाढवत नाही, कमी करतो. जानेवारीत जळगावला पहाटे शेकोटी लागते, मुंबईत पंखा फिरतो. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, म्हणून किनाऱ्यालगत दिवस जरा गार आणि रात्र जरा उबदार. दिवस-रात्रीची मोठी दरी हवी तर आत जावं लागतं, तिथल्याच बारोसा या आतल्या द्राक्षभागासारखं. मॅकलारेन व्हेलला रात्री जो गारवा मिळतो त्यात डोंगराचा हात आहे, ताईंनी वर लिहिलंच आहे.

@मेहरूणकर, तुमच्या मांडणीतली मूळ अडचण वेगळीच आहे. दोन्ही बाटल्यांत समुद्र सारखाच आहे. जी गोष्ट दोन्हीकडे सारखी, तिचा परिणाम या दोन बाटल्या शेजारी ठेवून कळणारच नाही. तुम्ही सालाची परीक्षा घेतलीत आणि निकाल समुद्राचा लावलात.

आणखी एक. ऑस्ट्रेलियात लेबलवर साल लिहायला त्या सालाची द्राक्षं किमान ८५ टक्के असली की पुरतं. जात आणि प्रदेश यांनाही तोच ८५ चा नियम. उरलेल्या १५ टक्क्यांत वाइनमेकर काय काय झाकतो ते तोच जाणे.

मेहरूणकर

@शंकासुर, निकाल राखून ठेवतो. पण मग समुद्राची परीक्षा घ्यायची कशी? आणि मिरीचं काय?

रसायनशाळा

मिरीचं मी सांगतो. शिराझमधला मिरीचा वास म्हणजे रोटंडोन नावाचं एक संयुग. काळ्या मिरीतही हेच. अ‍ॅडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २००८ मध्ये हे पक्कं केलं. लाल वाईनमध्ये लिटरला साधारण १६ नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा हिस्सा.

दोन गोष्टी या धाग्याच्या कामाच्या. पहिली, थंड जागी आणि थंड सालात रोटंडोन जास्त तयार होतं. घड सावलीत असले तर आणखी. तेव्हा तुमच्या २०२३ मध्ये मिरी लागणं आणि २०१९ मध्ये न लागणं, दोन्ही अपेक्षेप्रमाणे. दुसरी, त्याच अभ्यासात आढळलं की पाचातल्या साधारण एकाला हा वास येतच नाही, प्रमाण पुष्कळ वाढवलं तरी. सर्दी-पडशाचा संबंध नाही.

खापरपोळी

म्हणजे मेहरूणकर भाऊ, तुम्ही पाचातले एक. वहिनींनी स्वयंपाकात मिरी घातली की नाही हेही तुम्हाला कळत नसणार, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

मेहरूणकर

हा प्रतिसाद शालकाला दाखवला जाणार नाही याची संपादक मंडळाने दक्षता घ्यावी.

बळवंतनाना

ही सगळी चर्चा ठीक. पण शिराझ ही मूळची इराणची द्राक्षं, तिथल्या शिराझ शहरातून धर्मयुद्धाहून परतणाऱ्या एका सरदाराने फ्रान्सला नेली, असं आम्ही वाचलं आहे.

रसायनशाळा

नाना, गोष्ट छान आहे, पण डीएनए तिच्या बाजूने नाही. १९९८ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या आणि फ्रान्समधल्या मॉन्पेलिएच्या शास्त्रज्ञांनी मिळून तपासलं. आई मोंद्यूज ब्लांश, बाप द्युरेझा, दोन्ही आग्नेय फ्रान्सच्या जुन्या जाती. ऱ्होन खोऱ्यात सिरा म्हणतात तीच ही. ऑस्ट्रेलियात १८३२ मध्ये जेम्स बस्बीने युरोपातून काड्या नेल्या, त्यात हीसुद्धा होती.

बळवंतनाना

सरदार गेला म्हणायचा. असो.

पाटणादेवी

भो, माले तं काहीच समजनं नही, पन वाचाले मज्जा ई ऱ्हायनी. चालू द्या.

कोकणचा_जावई

बावळट प्रश्न विचारतो. समुद्र एवढा गुणाचा तर आपल्या कोकणात द्राक्षं का नाहीत? सासुरवाडी गुहागरला आहे, वारा तर कपडे उडवून नेतो.

गिरणेची_लेक

प्रश्न बावळट नाही, मर्मावर बोट आहे. नुसता समुद्र पुरत नाही, पाणी गार लागतं. चिलीच्या किनाऱ्याला हम्बोल्टचा थंड प्रवाह, दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला बेंगुएलाचा. आमच्याकडे दक्षिणेला थेट दक्षिण महासागर. अरबी समुद्र कोमट. त्यावरून येणारा वारा घाम वाळवतो, पण द्राक्षाला गारवा देत नाही, दमटपणा देतो. त्यात पाऊस उन्हाळ्यानंतर धो धो. भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांना आमंत्रणपत्रिका छापायची गरज नाही.

मॅकलारेन व्हेलमध्येही "समुद्राजवळ" एवढ्याने भागत नाही. आखाताच्या बाजूचे मळे वेगळे आणि ब्लूइट स्प्रिंग्जचे वेगळे. ते उंचावर, वाळूच्या जमिनीत, तिथली शिराझ जास्त सुगंधी आणि हलकी. डोंगरापलीकडे लँगहॉर्न क्रीक आहे. तिथे समुद्राऐवजी अलेक्झांड्रिना सरोवरावरून दुपारी वारा येतो, त्याला लोक "लेक डॉक्टर" म्हणतात. पर्थकडे असाच "फ्रीमँटल डॉक्टर".

कळणाभाकर

तुमच्याकडे वारा डॉक्टर. आमच्याकडे एप्रिलमधला वारा खाल्ला की माणूस डॉक्टरकडे.

बागलाणकर

उशिरा आलो, बागेत होतो. सटाण्याकडे अर्ली (हंगामाआधी येणारी) द्राक्षं करतो, मध्यंतरी काही हंगाम एका वाइनरीसाठी कराराने शिराझही केली. म्हणून दोन शब्द.

वर सगळे महिने मोजतायत, पण पारा कुठल्या दिशेने चाललाय ते कुणी बोललं नाही. तिकडे वेल हिवाळ्यात झोपतो, सप्टेंबरात फुटतो, जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून रंगायला लागतो. तिथून तोडणीपर्यंत म्हणजे फेब्रुवारी, मार्च, कधी एप्रिल, उन्हाळा ओसरत असतो. आपला वेल झोपतच नाही. एप्रिलला खरडछाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी. मण्यात पाणी उतरतं थंडीत आणि तिथून पुढे फेब्रुवारी-मार्चला ऊन चढत जातं. महिने तेच, पण तिकडे घड थंडीच्या दिशेने पिकतो, आपल्याकडे उन्हाच्या दिशेने. शेवटच्या पंधरवड्यात साखर धावते, आम्ल कोसळतं, आणि वाइनरीचा माणूस रोज रिफ्रॅक्टोमीटर (साखर मोजायचं यंत्र) घेऊन बांधावर. खाण्याच्या द्राक्षाला साखर वाढली की व्यापारी खूश. वाईनच्या द्राक्षाला साखर आणि आम्ल दोन्ही एका दिवशी बरोबर पाहिजे. शिराझचा तर आणखी एक स्वभाव, जास्त थांबलं की मणी वेलावरच सुकायला लागतो. वजन जातं, पैसे वजनावर. मी ते काम सोडलं त्याचं निम्मं कारण हे.

सालाचं म्हणाल तर २०१९ आम्हालाही लक्षात आहे, वेगळ्या कारणाने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आधी क्यार, मग महा, अरबी समुद्रात लागोपाठ वादळं झाली आणि पाऊस हटेना. अर्ली बागांत घड तयार होते, मणी तडकले, कुजले. समुद्र चांगलाच लांब आहे, पण बागलाणपर्यंत येतो तो असा.

तापीकाठचा

@बागलाणकर, "उन्हाच्या दिशेने पिकतो" हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. म्हणजे पोपटरावांची भुसावळ वाइनरी बारगळली.

बागलाणकर

बारगळली असंही नाही. आपल्या पट्ट्यात छाटणी लवकर घेऊन थंडीतच घड काढायचा असा विचार करता येतो, अर्लीवाले तेच करतात. पण मग फुलोऱ्यात परतीचा पाऊस गाठतो आणि औषधांचा खर्च डोक्यावर बसतो. शिवाय तापीकाठची भारी काळी जमीन, पाणी धरून ठेवते. वेल माजतो, पानंच पानं, सावली, मग रंग कुठून येणार? पोटापुरतं केळी चांगली.

सातपुडा_पायथा

समुद्राजवळचं द्राक्ष, मग वाईन खारट लागत नाही का? गंभीरपणे विचारतोय.

बागलाणकर

खारट वारा पानांना लागतो, पण मुख्य वाट मुळांची. पाण्यातलं, जमिनीतलं क्लोराईड मुळं उचलतात आणि मण्यात साठतं. शिराझ स्वतःच्या मुळावर असेल तर जरा जास्तच. साउथ ऑस्ट्रेलियात फायलोक्सेरा ही मुळावरची कीड पोचलेलीच नाही, म्हणून तिथे अजून पुष्कळ बागा स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. आपण क्षार आणि दुष्काळ सोसावा म्हणून डॉगरीज खुंटावर कलम करतो. तिथे कायदाच आहे, वाईनमध्ये विरघळलेली क्लोराईडं मिठाच्या हिशेबात लिटरला १ ग्रॅमच्या आत पाहिजेत.

गिरणेची_लेक

पूरक माहिती: मॅकलारेन व्हेलमध्ये बऱ्याच मळ्यांना अ‍ॅडलेडच्या दक्षिण उपनगरांचं शुद्ध केलेलं सांडपाणी ठिबकने देतात. दुष्काळात जीव वाचतो, पण क्षारांवर नजर ठेवावी लागते. हिवाळ्यातला पाऊस चांगला झाला की क्षार खाली धुऊन जातात, कोरड्या वर्षी नाही. म्हणजे इथेही साल आलंच.

खापरपोळी

अवांतर: ही वाईन भरताबरोबर जाते का? घरी बामणोदची वांगी आली आहेत.

शंकासुर

वांग्याचा धूर आणि शिराझ यांचं जमतं. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शिराझ यांचं नाही. तिखटाच्या आगीत अल्कोहोल तेल ओततं, टॅनिनही कडवट लागतं. २०२३ सारखी हलकी असेल तर तरी निभतं, २०१९ सारखी गरम असेल तर शेवभाजी लांब ठेवा.

आणि पुस्तकात "रूम टेंपरेचरला प्यावी" लिहिलेलं असतं ती रूम जळगावची नव्हे. १६ ते १८ अंश पाहिजे. आधी फ्रिजमध्ये ठेवा, लाल वाईन गार करू नये असं सांगणाऱ्या पाहुण्याला एप्रिलमध्ये बोलवा.

पोपटराव_धुळे

मोहाला व्हिंटेज, म्हणजे सालाचं वेगळेपण, असतं का हो? धडगावकडची मंडळी सांगतील.

सातपुडा_पायथा

असतं की. मार्च-एप्रिलमध्ये फुलं गळतात, तेव्हा अवकाळी झाला की फुलं भिजून काळी पडतात, वाळत नाहीत. त्या वर्षी फुलं वेचणारी बाई आणि पिणारा, दोघंही तोंड वाकडं करतात. लेबल तेवढं नसतं.

मेहरूणकर

गाडी मोहावर आली, आता मूळ प्रश्नावर आणतो. @शंकासुर, समुद्राची परीक्षा कशी घ्यायची ते राहिलं.

शंकासुर

एक परीक्षा निसर्गानेच घेऊन ठेवली आहे. मार्च २००८, ३ ते १७ तारीख, अ‍ॅडलेडला सलग पंधरा दिवस पारा ३५ च्या वर. ऐन तोडणीच्या तोंडावर. समुद्र होता तिथेच होता, पण अशा दिवसांत वारा उत्तरेकडून, आतल्या वाळवंटाकडून येतो. तो जोरात असला की समुद्रावरचा वारा आत शिरूच शकत नाही, शिरला तरी संध्याकाळी उशिरा. ज्यांनी ३ तारखेच्या आत घड उतरवले त्यांची २००८ उत्तम. जे अडकले त्यांच्या द्राक्षांचा मोरंबा, अल्कोहोल भरमसाट. बारोसा काय, मॅकलारेन व्हेल काय, दोन्हीकडे हेच ऐकू येतं. २०११ ला उलट, थंडी-पाऊस-बुरशी, तेव्हाही समुद्राने कुणाला वाचवलं नाही.

म्हणून माझं मत: समुद्र रोजचं बघतो, म्हणजे साध्या वर्षातल्या साध्या दुपारी. तिथे त्याचं काम खरं आहे, अलंकार नाही. टोकाचं वर्ष आलं की ते समुद्राला ओलांडून बाटलीत उतरतं. तुमच्या हातात योगायोगाने दोन्ही टोकांची सालं आली, म्हणून समुद्र दिसला नाही. मधली सालं, २०२१ सारखी, चाखली असतीत तर कदाचित लेबलवाल्याला एवढं बोलला नसतात.

गिरणेची_लेक

जवळजवळ सहमत. एकच दुरुस्ती, २०१९ मध्येही समुद्राने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. कडक दिवसांच्या मधल्या दिवसांत वारा येतच होता. आणि माणसाला विसरू नका. कधी तोडायचं, सालीसकट किती दिवस ठेवायचं, अमेरिकन ओकच्या पिंपात घालायचं की फ्रेंच, जुन्या की नव्या, हे वाइनमेकर ठरवतो. अमेरिकन ओकचा व्हॅनिलासारखा वास लोक पुष्कळदा "उन्हाचं पिकलेपण" समजतात. मेहरूणकर भाऊ, दोन्ही लेबलांवर अल्कोहोल किती लिहिलंय?

मेहरूणकर

रिकाम्या बाटल्या मनीप्लँटसाठी ठेवल्यात, बघून आलो. २०१९: १४.८. २०२३: १३.५.

गिरणेची_लेक

पिंपाचा भाग वेगळा, पण साखरेतला फरक हा बघा इथे दिसला.

खरी परीक्षा घ्यायची तर भाच्याला सांगा: एकाच वाइनमेकरच्या, एकाच सालाच्या, शक्यतो २०२१ च्या दोन शिराझ आण. एक मॅकलारेन व्हेलची, एक बारोसाची. दोन्हीकडची करणाऱ्या कंपन्या आहेत. जमल्यास तिसरी लँगहॉर्न क्रीकची. नावं झाकून प्या, आणि मिरीचा निकाल शालकांवर सोपवा.

मेहरूणकर

भाच्याला निरोप गेला. त्याचं उत्तर: "मामा, कस्टमची मर्यादा माणशी दोन लिटर आहे. पाऊण लिटरच्या तीन म्हणजे सव्वादोन होतात."

कळणाभाकर

सूनबाईंचे दोन लिटर मोजले का? शेंगदाण्यांचं अजून कोणी बोललेलं नाही.